कुंपणाजवळचे चाळीस

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या येराबिनमधली माणसं पांढरा पक्षी दिसला की 'काकाकुवा' म्हणून मोकळी होतात. यांच्या चार पिढ्या इथं गव्हावर आणि मेंढ्यांवर पोसल्या, डोक्यावरून रोज सकाळ-संध्याकाळ हा गोंगाट जातो, पण तो कोणाचा म्हणून विचारलं तर पोस्टातली बाईसुद्धा 'पांढऱ्यांचा' एवढंच सांगते. पांढरा तर माझा फ्रीजही आहे.

ओळखायला अक्कल लागत नाही, नुसतं लक्ष लागतं. अंगाने दांडगा, डोक्यावर पिवळा तुरा आणि आवाज पत्रा फाडल्यासारखा, तो पिवळ्या तुऱ्याचा. पोट गुलाबी आणि पाठ राखाडी, तो गलाह. आमच्याकडे मूर्ख माणसालाही गलाहच म्हणतात, आणि माझ्या नवऱ्याला मी बावन्न वर्षं त्याच नावाने हाक मारत आले आहे. उरला कोरेला, जो हजारोंनी येतो. त्याच्यातही दोन जाती. छोटा कोरेला म्हणजे आखूड तुरा, डोळ्याभोवती निळसर कातडं, चेहरा दारू उतरलेल्या माणसासारखा. दुसरा लांब चोचीचा. त्याच्या गळ्यावर लाल पट्टा असतो आणि दिवसभर मुळं उकरत बसल्यामुळे तोंडाला कायम माती लागलेली असते. झालं, संपली विद्या. एवढंही ज्यांना जमत नाही त्यांना मतदान करू देतात.

छोटा कोरेला हा आमच्या भागातला सगळ्यात सामान्य काकाकुवा, आणि सगळ्यात निर्लज्ज. खायचं थोडं, नासायचं फार. निलगिरीचं झाड दिसलं की पोट भरलेलं असलं तरी डहाळ्या कुरतडून खाली टाकणार. विजेच्या तारेला उलटं लोंबकळणार, दिव्यांच्या वायरी सोलणार, गव्हाच्या ढिगावरची ताडपत्री फाडून तिच्या चिंध्या करणार. ही जमात मला आवडते असा गावाचा समज आहे. मला ती मुळीच आवडत नाही. मी फक्त तिला ओळखते, आणि ओळखणारी गावात मी एकटीच आहे.

दर मार्चमध्ये आमच्याकडे काकाकुव्यांची मोजणी होते. दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक ठाणं देतात. थवे मुक्कामाच्या झाडांकडे परतायला लागले की एकाने बघून बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. सव्वीस वर्षं धान्याच्या कोठ्यांचं ठाणं माझ्याकडे होतं. मी बोलायची, माझा नवरा क्लेम लिहायचा. त्याला तेवढंच जमतं. अक्षर मात्र त्याचं चांगलं आहे, हे कबूल करते.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग आला. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसलं जातं, कडेकडेचं मात्र दिसतं. माणसाचे कान दिसतात आणि तोंड जातं. आमच्या गावातल्या बऱ्याच तोंडांच्या बाबतीत हे फारसं नुकसान नाही. मोठ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की हे बरं होणार नाही आणि गाडी चालवायची नाही. कालचा पोरगा होता. मी त्याला म्हटलं, हे तुझ्या आईला सांग. क्लेमला सांगितलं की कवळी नीट करून घ्यायला गेले होते.

गाडी सोडणं मला परवडणारं नव्हतं. आमचं शेत गावापासून अठरा किलोमीटर, इकडे बस नाही. क्लेमचं लायसन्स अकरा वर्षांपूर्वीच गेलं. चक्कर येऊन त्याने ट्रॅक्टर तळ्यात घातला होता आणि वर उभा राहून हात हलवत होता. तेव्हापासून मीच चालवते आणि तो शेजारी बसतो. माझंही लायसन्स गेलं तर घर विकायचं आणि हॉस्पिटलच्या मागच्या त्या सहा खोल्यांपैकी एकीत जाऊन राहायचं. तिथं माणसं दुपारी तीनपासून जेवणाच्या घंटेकडे कान लावून बसतात. मी तिथं एकदा घरी भाजलेले स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोड पाव, घेऊन गेले होते. एका म्हातारीने मला विचारलं की तुमची खोली कोणती. परत गेले नाही.

पंचाहत्तरी उलटली की लायसन्ससाठी दरवर्षी डॉक्टरची सही लागते. आमचा जुना डॉक्टर मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलता बोलता सही करायचा. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी डॉक्टर टेओ नावाची तिशीतली मुलगी आली. माझी तपासणी मोजणीनंतरच्या गुरुवारी होती. चौकशी केल्यावर कळलं की बाईंना पक्ष्यांचं वेड आहे आणि त्यांनी मोजणीला नाव दिलंय.

मोजणीचा कारभार यंदा ट्रेव्हर क्लोकने हातात घेतला होता. हा शहरात बँकेत होता, आता आमच्यात येऊन निसर्गप्रेमी झालाय. अंगात चौदा खिशांचं जाकीट घालतो आणि त्या चौदांपैकी एकातही पेन्सिल नसते. फोनला पक्ष्याचा आवाज ऐकवतो आणि मग फोन त्याला सांगतो की हा कोण. त्याने सभेत जाहीर केलं की जोड्या बदलायच्या, ताजे डोळे हवेत. मला डॉक्टर टेओंबरोबर कोठ्यांवर टाकलं आणि क्लेमला स्वतःबरोबर टेकाडावरच्या कबरस्तानात.

ट्रेव्हरने आयुष्यात केलेली ही एकमेव उपयोगी गोष्ट, असं मला त्या क्षणी वाटलं. डोळ्यांपेक्षा माझे कान पन्नास पटीने चांगले. अर्धा किलोमीटरवरून मी पक्षी ओळखते हे या पोरीने एकदा बघितलं की गुरुवारी ती मला कोणता तक्ता वाचायला लावणार होती? तिलाच लाज वाटली असती.

क्लेमने घरी आल्यावर दोन दिवस हा विषय लावून धरला. एरवी याचं कशाबद्दलच काही म्हणणं नसतं.

"मी तुझ्याबरोबरच येतो ना," तो म्हणाला. "मागे बसेन. गप्प बसेन."

"गप्प? तू?"

"डॉक्टरणीला काय माहीत आपली पद्धत. मी लिहितो."

"तिला लिहिता येतं, क्लेम. शिकलेली आहे ती. तू कबरस्तानात जा, आत्तापासून सवय होईल."

तो हसला नाही. मग म्हणाला, वही तरी माझ्याकडे राहू दे. सव्वीस वर्षांच्या नोंदी असलेली वही मी ट्रेव्हरच्या चौदा खिशांत जाऊ देणार होते थोडीच. ती मी गाडीत माझ्या सीटखाली ठेवली.

मोजणीच्या दिवशी चार वाजता आम्ही निघालो. आधी क्लेमला कबरस्तानात सोडायचं, तिथंच डॉक्टर टेओ माझ्या गाडीत बसणार, पुढं कोठ्यांपर्यंत सरळ रस्ता. अठरा किलोमीटर याची जीभ नेहमीप्रमाणे चालू. गाडीत बसला की या माणसाचा रेडिओ होतो. हा बघ, हार्किनचा ट्रक फाटकातून बाहेर पडतोय. हा बघ, कांगारू मरून पडलाय, उजवीकडून घे, चाकं घाण होतील. अगं बये, प्राऊजच्या मेंढ्या परत रस्त्यावर. जगात जे जे आहे ते सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. लग्नाच्या पहिल्या पन्नास वर्षांत हा इतका बडबड्या नव्हता. म्हातारपणी काहींचे गुडघे जातात, याच्या जिभेचा ब्रेक गेला.

गव्हाचे ट्रक जातात तो मोठा रस्ता आमच्या रस्त्याला जिथं छेदतो तिथं तर याचं पाठ केलेलं वाक्य असतं. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

"ही स्टॉपची पाटी बघ. अजून रंगवली नाही यांनी. ऊन खाऊन गुलाबी पडलीय, गलाहच्या पोटासारखी. इथं एखादा मरायचा."

मी गाडी थांबवली. थांबवता थांबवता म्हटलं, "पालिकेला पत्र लिही. माझं डोकं खाऊ नकोस."

"लिहितो," तो म्हणाला. थोडा वेळ डावी-उजवी बघत बसला. "चल. कोणी नाही."

कबरस्तानाच्या फाटकाशी तो उतरला आणि त्याच्या जागी डॉक्टर टेओ बसल्या. सँडविचचा डबा घेतला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि खिडकीत वाकून डॉक्टर टेओंना म्हणाला, जरा बोलत राहा हिच्याशी, हिला शांतता सोसत नाही. मला शांतता सोसत नाही म्हणे. मी गाडी पुढं काढली आणि बऱ्याच दिवसांनी मला स्वतःचं इंजिन ऐकू आलं.

कोठ्यांपाशी पोचलो तेव्हा सूर्य धसकटांकडे कलायला लागला होता. त्या सिमेंटच्या पाच उंच कोठ्या, त्यांच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली झाकलेला गव्हाचा लांबलचक ढीग, पलीकडे कुंपण आणि त्यापलीकडे एक वठलेली निलगिरी. इथला खडा न् खडा मला पाठ आहे. खुर्ची मांडली, थर्मास काढला, वही डॉक्टरणीच्या हातात दिली आणि म्हटलं, "मी बोलते, तुम्ही लिहा. मध्ये शंका काढायच्या नाहीत."

पहिला थवा पूर्वेकडून आला. मी मान वरसुद्धा केली नाही. "छोटे कोरेला. आवाज ऐका, नाकात रडतात, शेवटी वळण देतात. साधारण दोनशे." तिने दुर्बिणीतून बघितलं, दहा-दहाचे गठ्ठे करत मोजलं आणि म्हणाली, दोनशे दहा. पुढचे चार पिवळ्या तुऱ्याचे होते, ते मी उडण्यावरून ओळखून सांगितले. पिवळ्या तुऱ्याचा दमल्यासारखा पंख मारतो, मग तरंगतो, मग पुन्हा मारतो, कामावर जाणाऱ्या सरकारी माणसासारखा. छोटा कोरेला भराभर मारतो. ती बिचारी खरोखर भारावली. असं पुस्तकात मिळत नाही, म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकं ट्रेव्हरसारखी माणसं लिहितात.

तिच्यात एक बरं होतं, प्रश्न चांगले विचारायची. वठलेल्या झाडाकडे बोट करून म्हणाली की सगळे खाली दाणे टिपतायत आणि तीन-चार वर नुसतेच बसलेत, ते काय करतात?

"पहारा. काही आलं की ओरडायचं, म्हणजे बाकीचे उडतात. थव्यातले जे सगळ्यात बावळट असतात त्यांच्या वाट्याला हे काम. बाकीचे पोट भरून घेतात आणि हे उपाशी बोंबलत बसतात."

"बावळट कसे? त्यांनी बघितलं नाही तर खालचे मरतील."

"खालच्यांना ते माहीत असतं का? खालचे त्यांना शिव्याच देत असतील, जेवताना कसली कटकट म्हणून."

ती हसली. मलाही माझं म्हणणं आवडलं. गुरुवार खिशात आल्यासारखा वाटत होता. तिथंच थांबायला हवं होतं. पण हुशारी दाखवायला लागलं की माणसाला थांबता येत नाही. नजरेच्या कडेला मला कुंपणाच्या खालच्या तारेपाशी पांढरं पांढरं हलताना दिसलं. जमिनीलगत, रांगेने, जागच्या जागी.

"आता हे लिहा," मी म्हटलं. "कुंपणाजवळ लांब चोचीचे, चाळीस. बघा कसे उकरतायत, मान वर काढायला तयार नाहीत. आणि तो खांबावर बसलाय ना, तो त्यांचा पहारेकरी."

तिने दुर्बीण लावली, खाली घेतली. मग हळूच म्हणाली, "कोणते म्हणालात?"

"अहो, समोरचे. चाळीस. गळ्यावर लाल पट्टा दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसतोय?"

"म्हणजे काय. आंधळी आहे का मी."

ती वहीत बघत राहिली. लिहिण्याचा आवाज काही आला नाही. पानं मागे उलटल्याचा मात्र आला. बराच वेळ उलटत होती. मग तिने वही मिटली, आज एवढ्यावर पुरे म्हणाली आणि विचारलं की परत जाताना गाडी मी चालवू का. मी म्हटलं, तुमची ती टीचभर गाडी चालवायची सवय, हा दांडगा प्रकार तुम्हाला झेपायचा नाही. तिने पुन्हा विचारलं, जरा जोरात. तोवर मी खुर्ची मागे टाकून इंजिन सुरू केलं होतं. ती शेजारी येऊन बसली आणि पट्टा दोनदा ओढून बघितला.

उजेड अजून होता, पिवळा, तिरपा. कबरस्तानाचं टेकाड मागे पडलं. मोजणीनंतर सगळ्यांचा गावात चहा ठरला होता, क्लेमला ट्रेव्हर तिथं घेऊन येणार होता. गाडीत कोणी बोलत नव्हतं. किती बरं वाटत होतं ते सांगू? कोणाचा ट्रक नाही, कोणाच्या मेंढ्या नाहीत, रस्ता आपला लांब आणि गुळगुळीत. मी गुरुवारी काय घालायचं याचा विचार करत होते.

"थांबा," डॉक्टर टेओ ओरडली, आणि तिने हँडब्रेक वर खेचला.

गाडी वाकडी झाली. समोरून हॉर्न आला तो संपेचना. माझ्या डोळ्यांतल्या डागामधून एक आख्खा ट्रक बाहेर पडला, नाकासमोरून गेला, त्याच्यामागून त्याचा दुसरा डबाही गेला, आणि काचेवर गव्हाचे दाणे तडतडले. मग काही नाही. आमची पुढची चाकं मोठ्या रस्त्यात दोन हात गेलेली होती.

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण श्वास ऐकू येत होता. "पाटी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसायला ती धड आहे का?" माझा आवाज मलाच बारीक लागला. "दोन वर्षं झाली, रंग उडालाय तिचा. गुलाबी पडलीय. पालिकेला सांगून सांगून थकलो आम्ही. इथं एखादा मरायचा."

तिने काच खाली घेतली. पाटी तिच्या हाताच्या अंतरावर होती.

"बाई," ती म्हणाली, "ही पाटी लालभडक आहे. कोरी आहे. आख्ख्या रस्त्यावर एवढीच एक गोष्ट नवीन आहे."

मी कडेच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. तेव्हा कुठे तिची एक कड दिसली. लाल होती.

डॉक्टर टेओने चावी काढून घेतली. म्हणाली की चूक तिचीसुद्धा आहे, कोठ्यांपाशीच तिने ती घ्यायला हवी होती. मग म्हणाली, "गुरुवारी यायची गरज नाही. तपासणी झाली."

मी म्हटलं, कुंपणाजवळ चाळीस होते. का म्हटलं ते मला माहीत नाही. माणूस बुडताना काहीतरी पकडतो तसं.

"ताडपत्रीच्या चिंध्या होत्या," ती म्हणाली. "आणि खांबावर बादली पालथी घातली होती. मी खरं तर तेव्हाही विचारात पडले, वाटलं की माझंच चुकत असेल. मग हे सापडलं." तिने वही उघडली आणि क्लेमच्या त्या चांगल्या अक्षरातलं मागच्या मार्चचं पान वाचून दाखवलं. "'कुंपणाजवळ लांब चोचीचे साठ, असं डल्सी म्हणते. प्लॅस्टिक आहे. मोजणीत धरलं नाही. तिला सांगितलं नाही.' त्याच्या आदल्या वर्षीही असंच आहे. दोन ठिकाणी."

मला राग आला. पहिल्यांदा रागच आला, तो लपवत नाही. हा गलाह, ज्याला स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडत नाही, तो दोन वर्षं माझी चूक गुपचूप सुधारत होता आणि मी त्याच्यासमोर मिरवत होते. मग हार्किनचा ट्रक आठवला. मेलेला कांगारू आठवला. प्राऊजच्या मेंढ्या, पुलाचा कठडा, शाळेच्या पोरांच्या सायकली. दोन वर्षांची सगळी बडबड मला एका दमात ऐकू आली, आणि तिच्यात एकही शब्द फुकट नव्हता.

तेवढ्यात मागून ट्रेव्हरची गाडी आली, फारच जोरात. दार लावायच्या आधीच त्याची तक्रार सुरू. हे काय चाललंय, मोजणी अर्धवट टाकून निघावं लागलं, आणि तुमच्या नवऱ्याने एक पक्षी नोंदवलेला नाही, एकही नाही, डल्सीबाई. सगळा वेळ कोठ्यांकडे दुर्बीण लावून बसले होते. नंतर तुमच्या गाडीवर. आणि आता 'चल, चल' म्हणून माझं स्टिअरिंग धरायचं बाकी ठेवलं.

क्लेम माझ्या खिडकीशी आला. धापा टाकत होता. त्याने पाटीकडे बघितलं, रस्त्यावर सांडलेल्या गव्हाकडे बघितलं, डॉक्टरणीच्या हातातल्या चावीकडे बघितलं. हातात सँडविचचा डबा होता. त्याचा रबर सकाळी मी लावला तसाच होता.

"लागलं नाही ना कुठं?" तो म्हणाला.

"जेवला नाहीस?"

"वेळच मिळाला नाही," तो म्हणाला.

डॉक्टर टेओने आम्हाला घरी सोडायचं ठरवलं. ती चालवायला बसली, क्लेम सवयीने शेजारच्या सीटवर, आणि मी मागे, जिथं आम्ही कुत्र्याला बसवायचो. घर अजून बरंच लांब होतं. ते घर कितीला जाईल, कोण घेईल, हॉस्पिटलमागच्या खोलीत माझी खुर्ची मावेल का, हे सगळं मी मुकाट्याने मनात घोळवत होते. क्लेमच्या पाठमोऱ्या डोक्याची मला फक्त कड दिसत होती. कान दोन्ही स्पष्ट दिसत होते. तो एक शब्द बोलत नव्हता.

दोन-तीन किलोमीटर असेच गेले. मी बावन्न वर्षं ज्याला गप्प बस म्हणत आले तो गप्प बसला होता, आणि मला ते सोसेना.

"काय रे, जीभ कबरस्तानात ठेवून आलास का?" मी म्हटलं.

"आता गरज नाही," तो पुढे बघतच म्हणाला. "यांना दिसतंय."

"मला नाही दिसत."

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. डॉक्टरणीने गाडी जरा हळू केली.

"दिसत नाही मला, क्लेम," मी म्हटलं. "सांग काय आहे ते."

त्याने घसा साफ केला. "डावीकडे हार्किनचं फाटक. उघडं टाकलंय नेहमीसारखं. तारेवर छोटे कोरेला बसलेत, सात. एक उलटा लोंबकळतोय, म्हणजे आठ."

"छोटेच कशावरून?"

"तुरा आखूड आहे. डोळ्याभोवती निळं," तो म्हणाला. "दारू उतरल्यासारखं तोंड."

"आणि मगाची ती पाटी?"

"लाल आहे," तो म्हणाला. "तू कवळीला जाऊन आलीस ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात दोन्ही बाजूंची रंगवली. मीच पत्र लिहिलं होतं पालिकेला."

मी मान काचेला टेकवली आणि त्याला म्हटलं, पुढचं सांग.